कर्नल ३.१० : सांभाळतो कोण?

(दृश्य : म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. मयड्याची केळी, चोरिसाच्या माळा. वरच्या मजल्यावर हिशेबाचं कार्यालय.)

या कार्यालयातला सर्व्हर सेंटओएस ७ या फुकटातल्या लिनक्स प्रणालीवर चालतो. तिचा गाभा, म्हणजे लिनक्स कर्नल, ३.१०. 'बदला' म्हटलं की मालकीणबाईंचं उत्तर ठरलेलं : "चालतंय मरे! मग कशाला?"

(दृश्य : पडद्यावर आवृत्तीचा आकडा.)

३.१० आला जून २०१३ मध्ये. लिनक्सच्या मूळ कर्नलवाल्यांनी २०१७ मध्ये त्याची देखभाल थांबवली. रेड हॅट या कंपनीने मात्र आपल्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत तोच कर्नल जून २०२४ पर्यंत ओढला, आणि त्याचीच फुकट प्रतिकृती असलेलं सेंटओएस त्यामागून चालत राहिलं. नव्या कर्नलमध्ये सुरक्षेचं एखादं भगदाड बुजवलं गेलं, की ती दुरुस्ती जुन्या कोडला जुळेल अशी करून बसवायची. यालाच बॅकपोर्ट म्हणतात. काम किचकट, पगारी माणसांशिवाय वर्षानुवर्षं न होणारं. त्यामुळे आकडा जुनाच राहतो आणि आतला कोड बदलत जातो. नुसता आकडा पाहून 'जुनाट' म्हणणाऱ्या सल्लागाराला चहा पाजा, काम देऊ नका.

पण जून २०२४ नंतर सेंटओएस ७ ला दुरुस्त्या येणं थांबलं. आता बाईंचं 'चालतंय' अपुरं पडतं.

मूळ कर्नलवाले काही निवडक आवृत्त्या जास्त काळ सांभाळतात, त्या एलटीएस. त्यांना आधी दोन वर्षं मिळत. २०१७ मध्ये, मुख्यतः अँड्रॉइडसाठी, सहा झाली. २०२३ मध्ये पुन्हा दोनवर यायचं जाहीर झालं : वापरणारे थोडे, राबणारे थकलेले. वितरणांची, म्हणजे कर्नलभोवती बांधलेल्या पूर्ण प्रणालींची, गणितं वेगळी. डेबियनची पाच वर्षं; त्यातली शेवटची दोन वेगळा एलटीएस गट सांभाळतो आणि त्याचा खर्च कंपन्या उचलतात. उबुंटू एलटीएसचीही पाच, 'प्रो' ही वाढीव सेवा घेतली तर दहा.

(दृश्य : तंत्रज्ञ बॅकअपची डिस्क जोडतो.)

आणि मुदत कागदावर असली म्हणजे मिळतेच असं नाही. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंतचा शब्द होता. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने तो मागे घेतला, आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ते संपलं. त्या पोकळीतून अल्मालिनक्स उभं राहिलं, ना-नफा संस्थेच्या हाती.

इथे आता त्याचीच नववी आवृत्ती चढतेय. सुरक्षेच्या दुरुस्त्या मे २०३२ पर्यंत. कर्नल ५.१४, जो मूळ कर्नलवाल्यांनी एलटीएस म्हणून कधी निवडलाच नव्हता.