एकदा रद्द झालेली गोष्ट परत कुठून आली?

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय 'मानवी इतिहासातली पाच वळणं' असा छापला आहे. लेखन, महामारी, छपाई, गुलामगिरीचा शेवट आणि मताधिकार, ही ती पाच. पाचही घेणार आहे. फक्त सुरुवात चौथ्यापासून करतो, कारण ज्या प्रश्नाने हा विषय माझ्या मागे लागला तो तिथलाच आहे.

मी शाळेत शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. फळ्यावर सनावळी लिहिलेली होती. एका मुलीने हात वर केला. "सर, १७९४ समोर 'फ्रान्समध्ये गुलामगिरी रद्द' असं आहे, आणि खाली १८४८ समोरही तेच. यातलं बरोबर कुठलं?" मी म्हणालो, दोन्ही बरोबर. ती म्हणाली, "मग एकदा रद्द झालेली गोष्ट परत कुठून आली?" तास संपत आला होता. "नेपोलियनने परत आणली" एवढं सांगून मी पुढच्या धड्याकडे वळलो. उत्तर खोटं नव्हतं, पण त्या मुलीने जे विचारलं होतं त्याचं ते उत्तरच नव्हतं. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

आधी जरा हात वर करा. अमेरिकन राज्यक्रांती कोणाकोणाला माहीत आहे? सगळ्यांना. फ्रेंच? सगळ्यांना. रशियन? जवळपास सगळ्यांना. आता हैतीची? एक, दोन... मागच्या रांगेत दोन. चार. चार पुरे आहेत, मोठ्या गोष्टींची सुरुवात चौघांपासूनच होते. पण बाकीच्यांना ती माहीत नाही याला तुम्ही जबाबदार नाही. जगातल्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत क्रांत्यांच्या यादीत ती नसते, असलीच तर तळटीपेत. याचा मला मनापासून राग येतो, आणि आज तो मी दाबून ठेवणार नाही.

कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे फ्रान्सची वसाहत सँ-दोमँग, आजचं हैती. १७८९ साली तिथे सुमारे पाच लाख गुलाम होते, आणि गोरे चाळीस हजारांच्या आतबाहेर. युरोपात साखर आणि कॉफी या एवढ्याशा तुकड्यातून जितकी यायची तितकी दुसऱ्या कुठल्याही वसाहतीतून येत नव्हती. उसाच्या मळ्यावर माणसं इतक्या वेगाने मरत की जन्मापेक्षा मृत्यू जास्त, आणि ती तूट आफ्रिकेतून जहाजं भरून आणलेल्या नव्या माणसांनी भरून काढायची. म्हणजे तिथले बहुतेक गुलाम जन्माने गुलाम नव्हते. आपण स्वतंत्र होतो हे त्यांना आठवत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेच्या मैदानात उठाव झाला आणि एकामागून एक मळे पेटले. दोन वर्षांनी फ्रान्स ब्रिटन आणि स्पेन दोघांशी लढत होता, आणि दोघांचाही डोळा या वसाहतीवर होता. फ्रान्सचा तिथला प्रतिनिधी सोंतोना याला कळून चुकलं की हे बंडखोर आपल्या बाजूला आले नाहीत तर वसाहत गेली. त्याने २९ ऑगस्ट १७९३ ला उत्तर प्रांतात गुलामगिरी संपल्याचं जाहीर केलं. मग वसाहतीचे तीन प्रतिनिधी पॅरिसला गेले. त्यांच्यात जाँ-बाप्तिस्त बेले हा कृष्णवर्णीय, स्वतः एके काळी गुलाम असलेला माणूस होता. ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसच्या सभागृहाने सगळ्या फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. आपल्या पुस्तकात असते ती हीच तारीख. पण मंडळी, पॅरिसने त्या दिवशी जे दिलं ते सँ-दोमँगच्या लोकांनी आधीच घेतलेलं होतं!

आता तुसाँ लुव्हेर्त्युर. हा जन्माने गुलाम. उठाव झाला तेव्हा पन्नाशीच्या जवळ आलेला, आणि काही वर्षांत साऱ्या वसाहतीचा सूत्रधार. त्याच्या १८०१ च्या राज्यघटनेत लिहिलं आहे की या भूमीत गुलाम असू शकत नाहीत, गुलामगिरी कायमची संपली आहे. मला हा माणूस फार मोठा वाटतो. पण त्यानेच मजुरांना मळे सोडून जायला बंदी केली होती, कारण सैन्याला पैसा हवा आणि पैसा साखरेतून यायचा. लोकांना हवा होता स्वतःचा जमिनीचा तुकडा. त्यांनी तुसाँच्या विरोधातही उठाव केले, आणि त्याने ते चिरडले. त्याला देव करायचं कारण नाही. उलट, तो देव नव्हता हे समजलं तरच पुढचं कोणी केलं ते दिसतं.

१८०२ च्या सुरुवातीला नेपोलियनने आपला मेहुणा जनरल लक्लेर याला वीस हजारांहून जास्त सैन्य देऊन पाठवलं. मार्चमध्ये क्रेत-आ-पियेरो नावाच्या एका छोट्या किल्ल्याला फ्रेंचांनी वेढा घातला. आत काळे सैनिक, बाहेर गोरे. वेढ्यात असलेल्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने, पाँफिल द लाक्रोआने, पुढे आठवणी लिहिल्या. तो सांगतो, किल्ल्यातून गाणी ऐकू यायची, आणि ती फ्रेंच क्रांतीची देशभक्तीपर गाणी होती! बाहेरच्या सैनिकांनी बहुधा तीच गाणी गात युरोपभर लढाया केलेल्या. ते एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. न्याय यांच्या बाजूने तर नाही ना, आपण अजून प्रजासत्ताकाचेच सैनिक आहोत ना, असं त्यांच्या मनात आल्याचं लाक्रोआ लिहून ठेवतो. मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही, आणि दर वेळी अंगावर काटा येतो. १७८९ चा खरा वारस भिंतीच्या कोणत्या बाजूला होता?

पुढे मात्र सगळं कोसळल्यासारखं झालं. मोठे सेनानी एकेक करून फ्रेंचांना जाऊन मिळाले. क्रिस्तोफ गेला, देसालीन गेला. जूनमध्ये तुसाँला बोलणीच्या निमित्ताने बोलावून पकडलं आणि ज्युरा पर्वतातल्या थंडगार फोर द जू किल्ल्यात टाकलं. तिथेच ७ एप्रिल १८०३ ला तो गेला. जहाजावर चढताना तो म्हणाला होता की तुम्ही स्वातंत्र्याच्या झाडाचं फक्त खोड तोडलं आहे, मुळं पुष्कळ आहेत आणि खोल आहेत.

मुळं म्हणजे कोण? फ्रेंचांनी लोकांकडच्या बंदुका गोळा करायला सुरुवात केली. सोंतोनाने त्याच बंदुका वाटताना म्हटलं होतं अशी आठवण सांगतात, की जो ही तुमच्याकडून काढून घ्यायला येईल त्याला तुम्हाला पुन्हा गुलाम करायचं असेल. लोकांनी बंदुका लपवल्या. त्यातच बातमी आली की मे महिन्यात नेपोलियनने वसाहतींत गुलामगिरी चालू ठेवण्याचा कायदा केला, आणि शेजारच्या ग्वादलुपमध्ये ती परत लादली. त्यानंतर डोंगरात जे पेटलं ते कुठल्याही सेनापतीच्या हुकमाने पेटलेलं नाही. सेनापती तर तेव्हा फ्रेंचांच्या पगारावर होते! लढत होते ते मळ्यांवरचे मजूर. बाया, पुरुष. लक्लेरने ऑक्टोबरमध्ये नेपोलियनला लिहिलं की डोंगरातले सगळे काळे, बायका-पुरुष सगळे, मारावे लागतील, फक्त बारा वर्षांखालची मुलं ठेवता येतील. असं पत्र लिहिणारा सेनापती युद्ध हरलेला असतो. त्याच महिन्यात देसालीन आणि क्रिस्तोफ लोकांकडे परतले. लोक त्यांच्या मागे गेले नव्हते, ते लोकांच्या मागे आले. नोव्हेंबरात लक्लेर पीतज्वराने मेला. वर्षभराने, १८ नोव्हेंबर १८०३ ला, व्हेर्तियेरला फ्रेंचांचा शेवटचा पराभव झाला, आणि १ जानेवारी १८०४ ला हैती हे स्वतंत्र राष्ट्र झालं. त्याच वर्षी देसालीनच्या हुकमाने तिथे उरलेल्या फ्रेंच लोकांची कत्तल झाली. तेही सांगायला हवं, आणि मी ते आवाज खाली करून सांगणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. गोष्ट जिथे पहिल्यांदा घडली ते वळण नव्हे. ती मागे ओढायचा प्रयत्न झाला, आणि लोकांनी ओढू दिली नाही, तिथे वळण. फ्रान्ससाठी १७९४ ही तारीख आठ वर्षांत पुसली गेली. हैतीत ती पुसता आली नाही. कागद तोच होता, माणसं वेगळी होती.

त्याची किंमतही मोजावी लागली. १८२५ साली फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने युद्धनौकांचा ताफा पाठवला आणि मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, जुन्या मळेवाल्यांची भरपाई म्हणून. म्हणजे ज्यांना गुलाम केलं होतं त्यांनी आपल्या सुटकेबद्दल मालकांना पैसे द्यायचे! १८३८ मध्ये ती रक्कम ९ कोटींवर आली, पण कर्ज काढून फेडताना पिढ्या खंगल्या. आज हैतीच्या गरिबीवर बोलणारे पुष्कळ असतात. हा हिशेब त्यांतले थोडेच मांडतात.

...अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पंधरा मिनिटं. चार वळणं बाकी आहेत. मंडळी, आता जरा धावावं लागेल.

लेखन. मेसोपोटेमियातल्या उरुक शहराच्या मातीच्या पाट्या, पाच हजार वर्षांहून जुन्या, जवाचे आणि जनावरांचे हिशेब. सगळे तिथेच थांबतात. मी तुम्हाला ग्रीसमध्ये नेतो. तिथे इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास राजवाडे कोसळले आणि लिहिणंच नाहीसं झालं. चारेकशे वर्षं! कारण ती लिपी फक्त राजवाड्यातल्या कारकुनांना येत होती. कारकून गेले, लिपी गेली. आठव्या शतकात फिनिशियनांकडून वर्णमाला आली, तेव्हा सगळ्यांत जुन्या लेखांपैकी एक सापडतो तो अथेन्समधल्या सुरईवर, आणि त्याचा मजकूर काय, तर नाचणाऱ्यांत जो सरस त्याला हे बक्षीस. अक्षर नाचणाऱ्यांपर्यंत पोहोचलं होतं. त्यानंतर ते त्या भूमीवरून गेलं नाही.

महामारी. १३४७ मध्ये प्लेग युरोपात शिरला आणि काही वर्षांत लोकसंख्येचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त घेऊन गेला. हात कमी झाले, मजुरी वाढली. इंग्लंडमध्ये १३५१ साली कायदा आला की मजुरी प्लेगच्या आधी होती तेवढीच ठेवायची. बघा, मागे ओढणं लगेच सुरू. १३८१ साली शेतकऱ्यांचं बंड झालं. चौदा वर्षांच्या राजाने त्यांना वचनं दिली आणि बंड मोडताच ती फिरवली. तरी पुढच्या शंभरेक वर्षांत तिथली भूदासपद्धत, म्हणजे शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणं, झिजत गेली, कारण माणसं रात्रीतून गाव सोडून जास्त मजुरी मिळेल तिथे जात राहिली. पूर्व युरोपात मात्र पुढच्या शतकांत भूदासपद्धत उलट घट्ट झाली, रशियात १८६१ पर्यंत टिकली. एकच रोग, दोन दिशा. म्हणून "प्लेगने सरंजामशाही संपवली" हे वाक्य कुठे दिसलं की मी पेन्सिलीने त्याखाली रेघ मारतो.

छपाई. गुटेनबर्ग, माइन्झ, १४५५ च्या सुमारास. धातूचे सुटे खिळे कोरियात त्याच्याही आधीचे, १३७७ चं तिथलं एक बौद्ध पुस्तक आजही आहे. पण माझं साल १५३५. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिस राजाने त्या जानेवारीत पुस्तकं छापण्यावरच बंदी घातली. काही आठवड्यांत त्याला ती सैल करावी लागली. तोवर छापखाने इतके झाले होते की राजाचाही इलाज चालला नाही.

मताधिकार. न्यूझीलंडमधल्या स्त्रियांना १८९३ साली देशाच्या निवडणुकीत मत मिळालं, त्यामागे जवळपास ३२ हजार सह्यांचा अर्ज होता. त्याबद्दल खूप बोलायचं होतं. पण माझ्या मुद्द्याला अमेरिकेचं उदाहरण लागतं. तिथे १८७० मध्ये पंधरावी घटनादुरुस्ती झाली, वर्णावरून मत नाकारता येणार नाही. मग दक्षिणेत मतदान कर आला, साक्षरता परीक्षा आल्या, मारहाण आली, आणि कृष्णवर्णीयांचं मत कागदावर राहून प्रत्यक्षात गेलं. ते परत मिळायला १९६५ चा मताधिकार कायदा लागला. मधली ९५ वर्षं पुस्तकात एका ओळीत मावतात. त्या वर्षांत जे लोक नोंदणीच्या खिडकीशी पुन्हा पुन्हा जाऊन उभे राहिले, ते त्या ओळीत मावत नाहीत.

घंटा वाजली. फक्त त्या मुलीचं दुसरं साल सांगतो आणि थांबतो, कारण ते मी तेव्हा सांगितलं नव्हतं. २७ एप्रिल १८४८ ला पॅरिसने दुसऱ्यांदा हुकूम काढला. त्यात लिहिलं होतं की वसाहतीत तो जाहीर झाल्यावर दोन महिन्यांनी अंमल होईल. मार्टिनिकमध्ये तो पोहोचायच्या आधीच, २२ मे ला, गुलाम रस्त्यावर उतरले, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या गव्हर्नरला गुलामगिरी संपल्याचं जाहीर करावं लागलं. पॅरिसचा कागद घेऊन निघालेला अधिकारी जूनमध्ये बंदरात उतरला, तेव्हा त्या बेटावर एकही गुलाम नव्हता.