गळाभर पाण्यातला रियाज

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे उठून खर्ज लावणारे गायक आपल्याला ठाऊक आहेत. पण गळ्यापर्यंत समुद्राच्या पाण्यात उभं राहून रियाज केलेला कुणी पाहिलाय? फिलिपीन्समध्ये हेरार्दो वेलास्केझ नावाच्या बापानं आपल्या थोरल्या लेकीला असंच गायला लावलं. त्या लेकीचं नाव रेजीन.

जरा डोळ्यांसमोर आणा. शाळकरी पोर, हनुवटीशी लाटा, आणि काठावरून वडील सांगताहेत, अजून वर, अजून वर! पाण्याचा दाब छातीवर सगळीकडून येतो. श्वास आत घ्यायला जोर लागतो, आणि घेतलेला धरून ठेवायलाही. दमसास वाढवायची ही घरगुती युक्ती. आपल्याकडच्या एखाद्या गुरुजींनी कपाळाला हात लावला असता, पण पोरीचा आवाज तयार झाला, हे खरं.

रेजीनचा जन्म 1970 चा, मनिलाच्या तोंदो भागातला, म्हणजे कष्टकऱ्यांच्या दाट वस्तीतला. त्या देशात गावोगावी फिएस्ता भरते, आपली जत्राच म्हणा ना, आणि जत्रा म्हटली की गाण्याची स्पर्धा आलीच. अशा स्पर्धांमधून गात गात ती 1984 मध्ये 'आंग बागाँग काम्पेऑन', म्हणजे 'नवा विजेता', या टीव्हीवरच्या स्पर्धेत पोचली आणि जिंकली. वय अवघं चौदा. पुढे 1989 मध्ये हाँगकाँगला आशिया-पॅसिफिक गायन स्पर्धा मारली, आणि मग तिचं नाव देशाबाहेरही ऐकू येऊ लागलं. 1994 च्या अल्बमनं आशियातल्या इतर बाजारांतही तिला नेलं.

तिकडे वरच्या पट्टीत जीव तोडून गाण्याला 'बिरित' म्हणतात. रेजीन त्यातली राणी. लोक तिच्या वरच्या सुराची वाट अशी बघतात, जशी आपण शेवटच्या षटकात षटकाराची. मला विचाराल तर, त्या सुराआधी ती आवाज अगदी बारीक करते ना, तिथं खरी मजा आहे. टाळ्या मात्र पडतात त्या षटकारालाच!

1999 सरलं, 2000 उजाडलं, तेव्हा जगभर दाखवल्या गेलेल्या टीव्ही कार्यक्रमात फिलिपीन्सच्या वतीनं गायला तीच उभी होती. मनिलातल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या गच्चीवर. पाणी या वेळी खूप खाली, आणि वर मोकळं आभाळ.