सोल, नाडा आणि नववीचा वर्ग

(दृश्य: लिंब गावाकडे वळणारा रस्ता, उसाचे फड, मग अचानक जमिनीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या.)

पुण्याहून साताऱ्याला निघालं की सातारा यायच्या थोडं आधी लिंब फाटा लागतो. आत वळलं की कृष्णाकाठचं लिंब गाव. या गावच्या शिवारात जमिनीच्या पोटात एक वास्तू आहे, बारा मोटेची विहीर. वरून पाहिलं तर अष्टकोनी तोंड आणि त्याला जोडून पायऱ्यांचा लांबट भाग. दोन्ही मिळून शिवलिंगाचा आकार. खोली साधारण ११० फूट आणि व्यास ५० फूट असल्याचं सांगतात. पायऱ्या उतरून आत गेलं की दगडी कमानी, प्राण्यांची शिल्पं आणि विहिरीच्या कुशीतच बांधलेला छोटा महाल.

सुट्टीच्या दिवशी इथं गर्दी असते. फोटो निघतात. नववीची ही मुलं मात्र मोजपट्टी, दोरा आणि वही घेऊन आली आहेत. त्यांच्यासोबत इतिहासाच्या बाई आहेत आणि विज्ञानाचे सरही. प्रकल्प दोघांचा मिळून आहे, गुणही दोन्ही विषयांत मिळणार आहेत.

(दृश्य: मुलं विहिरीच्या काठावर. एक मुलगी वहीत वजाबाकी-बेरीज करते आहे.)

सुरुवात इतिहासाच्या बाजूनं झाली. विहीर साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली. श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. काळ शके १६४१ ते १६४६. मुलांनी त्यात ७८ मिळवले आणि सन १७१९ ते १७२४ असा काळ निघाला. कोणी बांधली, कधी बांधली, कोणाची सत्ता होती, ही उत्तरं अर्ध्या तासात वहीत उतरली.

मग एका मुलानं विचारलं, "पण बाई, पाणी वर कसं यायचं?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. प्रकल्प खरा सुरू झाला तो तिथून.

(दृश्य: मोटेचं रेखाचित्र, हळूहळू हलू लागतं.)

मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. वरचं तोंड रुंद, लोखंडी कडीवर ताणलेलं. खाली निमुळती होत गेलेली लांब सोंड, तीही दोन्हीकडून उघडी. आता ज्या पिशवीला खालून भोक आहे तिच्यात पाणी राहील कसं?

त्यासाठी दोर दोन. जाड दोर म्हणजे नाडा. तो मोटेच्या तोंडाला बांधलेला आणि वर उंच बसवलेल्या चाकावरून गेलेला. बारीक दोर म्हणजे सोल. ती सोंडेच्या टोकाला बांधलेली आणि खाली, थारोळ्याच्या काठावरच्या आडव्या लाकडी रुळावरून गेलेली. थारोळं म्हणजे विहिरीच्या काठावरचा, मोटेचं पाणी पडतं तो हौद. दोन्हींची दुसरी टोकं बैलांच्या जुवाला. मोट वर येत असते तेव्हा सोल सोंडेला वर मुडपून धरते, सोंडेचं टोक तोंडाच्या उंचीला राहतं. पाणी आपली पातळी ओलांडून वर चढत नाही, म्हणून थेंबही सांडत नाही. मोट काठाशी आली की सोंड रुळावरून थारोळ्यात ओढली जाते. नाडा मात्र अजून वर खेचतच असतो. तोंड वर, सोंड खाली, आणि सगळं पाणी धो धो थारोळ्यात, तिथून पाटात.

मोट उपडी करायला काठावर माणूस उभा करावा लागत नाही. एक मोटकरी आणि एक बैलजोडी एवढ्यावर काम होतं. झडप नाही, कळ नाही. सगळी युक्ती दोन दोरांच्या लांबीतल्या फरकात आहे. या रचनेला अभियांत्रिकी म्हणायला आपण का कचरतो, कळत नाही. ज्यानं ती पहिल्यांदा जुळवली त्याचं नाव कुठल्याच दगडावर कोरलेलं नाही.

(दृश्य: शाळेची प्रयोगशाळा. लाकडी चौकट, कप्पी, रेक्झिनची छोटी मोट.)

मुलांनी मोट शिवली रेक्झिनची, सोंड केली सायकलच्या जुन्या ट्यूबची. पहिल्या खेपेला सोल लांब राहिली. सोंड लोंबली आणि सगळं पाणी परत खालच्या बादलीत. मग सोल आखूड केली, तर सोंड इतकी ताणली गेली की मोटच तिरकी झाली. बोटभर सोडायची, बोटभर आवळायची, असं चालू राहिलं. अखेर पाणी थारोळ्यात पडलं तेव्हा वर्गातला आवाज शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

नववीच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा आहे. सरांनी तो याच मोटेवर शिकवला. समजा एका मोटेत १५० लिटर पाणी मावतं आणि ते १० मीटर वर आणायचं आहे. कार्य झालं १४,७०० ज्यूल. ओढायला अर्धा मिनिट लागला तर शक्ती ४९० वॅट, म्हणजे पाऊण हॉर्सपॉवरच्या आत.

बैल हे ओढतात ते उतारावरून खाली जाताना. त्या उताराला धाव म्हणतात. दोन बैलांचं मिळून ७०० किलो वजन धरलं आणि धावेचा उतार १० अंशांचा मानला, तर त्यांच्या नुसत्या वजनाचाच सुमारे १२० किलोइतका ओढ मिळतो. मोटकरी नाड्यावर बसायचा, त्याचंही वजन कामी यायचं. परत येताना बैल मागं मागं सरकत चढ चढायचे, पण तेव्हा मोट रिकामी असायची. भरली मोट उताराला, रिकामी चढाला. आणि मोट जितकी खोल उतरायची, जवळजवळ तितकंच अंतर बैलांना चालावं लागायचं. म्हणून एखाद्या जुन्या विहिरीची धाव मोजली, तर बांधणाऱ्यानं पाणी किती खोल धरलं होतं याचा अंदाज आज बांधता येतो.

आता बारा मोटा. प्रत्येकीची दीड मिनिटाला एक खेप धरली तर तासाला ७२,००० लिटर पाणी. मुलांना हा आकडा अवाढव्य वाटला. सरांनी त्याची शक्ती काढायला सांगितली. उत्तर आलं दोन किलोवॅटच्या आसपास. शेतावरच्या तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीइतकंच!

एक मुलगी म्हणाली, "म्हणजे चोवीस बैल आणि बारा माणसं मिळून एक मोटार?"

(दृश्य: फळ्यावर दोन रकाने. एकात आकडे, दुसरा रिकामा.)

तिच्या या वाक्यानं प्रकल्प पुन्हा इतिहासाकडे वळला. बाईंनी विचारलं, बारा माणसं मोट हाकणारी, पण मोट शिवणारं कोण? नाडा वळणारं कोण?

हा रिकामा रकाना भरायला पाठ्यपुस्तक अपुरं पडलं. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलांनी तो भरला. चाक सुताराचं. कडी आणि आस लोहाराचा. चामडं कमावून मोट शिवायचं काम ढोर आणि चांभार समाजाचं. नाडा आणि सोल वळायचं काम मांग समाजाचं. आणि मग या दोन रकान्यांच्या मध्ये जे होतं ते मुलांना आपोआप दिसलं. ज्यांच्या हातचं चामडं आणि ज्यांच्या हातचा दोर दिवसभर विहिरीच्या पाण्यात बुडत होता, त्यांनाच गावोगाव त्या पाण्याला हात लावायची बंदी होती.

वर्ग गप्प झाला. बाईंनी समजावून सांगायची घाई केली नाही, ते बरं केलं. त्यांनी फक्त दोन नोंदी फळ्यावर लिहिल्या. १८६८: महात्मा फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७: महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं.

ज्यूल आणि वॅट यांचा हिशेब केल्याशिवाय मुलं या प्रश्नापाशी पोचली नसती, असं मला मनापासून वाटतं. चोवीस बैलांचा आकडा समोर आला म्हणून त्यांना माणसं मोजावीशी वाटली. आणि माणसं मोजली नसती, तर मोटेची प्रतिकृती प्रदर्शनातली एक चांगली वस्तू होऊन राहिली असती.

(दृश्य: प्रदर्शनातली मोट. शेजारी पाणी, बैल, कारागीर यांचा एकच मोठा तक्ता.)

पुढं तेलावरची इंजिनं आली, मग वीज आली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. हळूहळू विहिरींवर मोटेच्या चाकाचा आवाज थांबला. ज्यांनी तरुणपणी स्वतः मोट हाकली, ती माणसं आज ऐंशीच्या पुढची आहेत. सोल किती हात ठेवायची, नाडा किती दिवस टिकायचा, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दोर कसे बदलायचे, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. मुलांचं पुढचं काम तेच आहे, त्यांच्याकडे जाऊन विचारणं आणि उत्तरं आवाजासकट नोंदवणं.

तुमच्या गावात जुनी विहीर असेल आणि तिचं थारोळं अजून शाबूत असेल, तर धावेची लांबी मोजा, उतार मोजा, काठाच्या दगडावर दोरानं पडलेल्या खाचा मोजा. मोट कोण हाकायचं, दोर कोण वळायचं, पाणी कोणाला मिळायचं आणि कोणाला नाही, हेही त्याच वहीत, त्याच पानावर लिहा.