कोपराच्या उंचीवर

सकाळच्या पाळीतील या ताई डावखुऱ्या आहेत. चाकणच्या या कारखान्यात त्यांच्यासमोरचा यांत्रिक हात म्हणूनच गिअरबॉक्सचे झाकण डावीकडून पुढे करतो आणि त्यांच्या कोपराच्या उंचीवर आणून धरतो. त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा नाही. माणसाच्या शेजारी काम करणाऱ्या अशा यंत्राला कोबॉट म्हणतात. चाकणला ते नवे नाही. बजाज ऑटोच्या दुचाकी जुळणीत असे हात २०१०च्या दशकापासून आहेत. मूळ कल्पना १९९०च्या दशकातील, अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन या प्राध्यापकांची. त्यांच्या पहिल्या कोबॉटमध्ये बळ माणसाचे असे आणि यंत्र फक्त वाट दाखवत असे.

आता ताईंचे हात पाहा. यंत्राचे मनगट धरून त्या ते हव्या त्या जागी ओढून नेतात आणि बटण दाबून ती जागा पक्की करतात. खांद्याला ताण जाणवला, की ते दोन बोटांएवढे खाली घेतात आणि पुन्हा बटण दाबतात. त्यासाठी प्रोग्रॅम लिहावा लागत नाही.

(निवेदन थांबते. बोल्ट घट्ट होण्याचा आवाज.)

वेग आणि बळ यांची मर्यादा मात्र अशी हाताने ठरवता येत नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१६ साली काढलेल्या १५०६६ क्रमांकाच्या तांत्रिक निर्देशात शरीराच्या वेगवेगळ्या भागांसाठी बळाची आणि दाबाची मर्यादा दिली आहे. यंत्र आणि कठीण पृष्ठभाग यांच्यात बोटे दाबली गेली, तर बळाची मर्यादा १४० न्यूटन (न्यूटन हे बळाचे एकक), चेहऱ्यासाठी ६५. जर्मनीतील माइन्झ येथे १०० निरोगी प्रौढांवर हळूहळू दाब वाढवत, वेदना नेमकी कोठे सुरू होते हे मोजण्यात आले, त्या कामाचा आधार निर्देशातील दाबाच्या मर्यादांना आहे. हे आकडे माणसाला जपतात. पण आखडलेल्या खांद्याने आठ तास उभ्या राहणाऱ्या ताई त्या शंभरांत नव्हत्या. त्यांचे माप त्यांच्याकडूनच घ्यावे लागते. म्हणून येथे पुढचे झाकण घड्याळाच्या ठोक्यावर येत नाही. शेवटचा बोल्ट बसवून ताईंनी हात मागे घेतल्यावरच येते.

कोणाला कोणती उंची, कोणती बाजू सोयीची, या शरीराच्या नोंदींवर हक्क कामगाराचाच असला पाहिजे, आणि त्यांच्या आधारे कोणाचीही गती मोजून पगार ठरता कामा नये.

दुपारची पाळी. उंच तरुण टेबलाशी येतो, आपले कार्ड लावतो. यांत्रिक हात वीतभर वर सरकतो, उजवीकडे वळतो आणि थांबतो.