विहिरीतला काळा पाषाण अन् आभाळातली वेस्टा

नमस्कार मंडळी. आपल्याकडं विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती जाते, मग मुरूम लागतो, मग मांजऱ्या खडक लागतो, अन् त्याच्या खाली जो काळा पाषाण लागतो ना, तिथं पहार चालत नाही, सुरुंगच लावावा लागतो. तो पाषाण म्हणजे बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, थंड झाले, त्यातच वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली. आज मला सांगायचंय ते हे की असाच बेसॉल्ट, आपल्यापासून कोट्यवधी किलोमीटर लांब, मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रह पट्ट्यात, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या छोट्या-मोठ्या दगडी गोळ्यांच्या पट्ट्यात, एका गोळ्यावर पसरलेला आहे, आणि तो तिथं आहे हे शास्त्रज्ञांना यान तिथं पोचायच्या चाळीस वर्षं आधीच कळलं होतं, नुसत्या उजेडावरून!

त्या गोळ्याचं नाव वेस्टा. 1807 साली जर्मनीतल्या ब्रेमेन गावच्या ओल्बर्स नावाच्या डॉक्टरनं शोधला, दिवसा पेशंट तपासायचे अन् रात्री घराच्या वरच्या मजल्यावरून दुर्बीण लावायची असा तो माणूस. पट्ट्यात आता दहा लाखांच्या वर लघुग्रह माहीत झालेत, पण सगळे गोळा केले तरी आपल्या चंद्राच्या तीन-चार टक्क्यांएवढंच वजन भरतं. सिनेमात दाखवतात तशी दगडांची गर्दी तिथं बिलकुल नाही, दोन दगडांमधी लाखो किलोमीटर मोकळं असतं, 1972-73 मधी पायोनियर 10 यान त्यातून काही न होता पार गेलं.

आता एवढ्या लांबचा ठिपका, त्याचा अभ्यास करायचा कसा? दुर्बिणीत तो ठिपकाच दिसतो हो, ताऱ्यासारखा. पण त्याचा उजेड रात्रभर मोजत बसलं तर तो कमी-जास्त होतो. समजा लघुग्रह रताळ्यासारखा लांबुळका आहे, तर फिरता फिरता आडवी बाजू समोर आली की उजेड जास्त, टोक आलं की कमी. त्याचा आलेख काढला की तो किती तासात स्वतःभोवती फिरतो ते कळतं, आकाराचाही अंदाज येतो. वेस्टा 5 तास 20 मिनिटांत एक फेरी मारते. हे काम कॉलेजची पोरं छोट्या दुर्बिणीला कॅमेरा लावून करू शकतात, आणि जगात बरेच हौशी लोक करायलेत सुद्धा, त्यांची निरीक्षणं शास्त्रज्ञ वापरतात.

पण मला विचाराल तर खरी कमाल आहे वर्णपटाची, म्हणजे उजेड फोडला की दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्याची. सूर्याचा उजेड दगडावर पडून परत येताना त्यातले काही रंग तो दगड खाऊन टाकतो, आणि कोणते रंग खाल्ले यावरून खनिज ओळखू येतं. 1970 साली टॉम मॅककॉर्ड नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबत्यांनी वेस्टाचा उजेड असा तपासला, तर त्यात पायरोक्सीन नावाच्या खनिजाची खूण सापडली, तेच पायरोक्सीन जे आपल्या काळ्या पाषाणातही आहे. आणि पृथ्वीवर पडलेल्या काही अशनींचा, म्हणजे आभाळातून आलेल्या दगडांचा, वर्णपट त्याच्याशी बरोब्बर जुळला. म्हणजे वेस्टाचे तुकडे आधीच म्युझियममधल्या कपाटात येऊन बसलेले होते. जेवढ्या अशनी पडतात त्यातल्या शंभरातल्या साधारण सहा या जातीच्या असतात.

मग हे तुकडे इथवर आले कसे? याचं उत्तर नासाच्या डॉन यानानं पक्कं केलं, जुलै 2011 ते सप्टेंबर 2012 ते वेस्टाभोवती फिरत होतं. तिच्या दक्षिण टोकाला ऱ्हियासिल्व्हिया नावाचं, दुसरा दगड आदळून झालेलं विवर आहे, जवळजवळ 500 किलोमीटर रुंद, अन् अख्खी वेस्टाच 525 किलोमीटरची! केवढा तडाखा बसला असेल बघा. त्यात उडालेले काही तुकडे सरकत सरकत पट्ट्यातल्या एका रिकाम्या जागेत गेले. तिथं दगड चार वर्षांत सूर्याची फेरी मारतो आणि गुरू बारा वर्षांत, म्हणजे गुरूच्या एका फेरीत दगडाच्या तीन, त्यामुळं गुरूचा हिसका पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीनं बसत राहतो, कक्षा लांबत जाते आणि दगड पट्ट्याच्या बाहेर फेकला जातो, कधी कधी थेट आपल्या वाटेवर. अशा जागा अमेरिकेच्या कर्कवूड नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच दाखवल्या होत्या.

वेस्टाचा लाव्हा आपल्यापेक्षा लईच जुना, साडेचारशे कोटी वर्षांचा. एवढासा गोळा वितळला कशानं, तर त्या काळी दगडातच किरणोत्सारी ॲल्युमिनियम होतं, त्याच्या उष्णतेनं. पुढं ते संपलं, गोळा थंड पडला, अन् पृथ्वी जन्मली तेव्हाचा पुरावा तिथं जसाच्या तसा राहिला. म्हणूनच तर एवढी धडपड.

आपल्या जालन्याच्या हद्दीला लागूनच, बुलढाण्यात, लोणार आहे, ते तर तुम्ही बघितलंच असेल. बेसॉल्टवर बाहेरचा दगड आदळून झालेलं एवढं चांगलं टिकलेलं विवर जगात क्वचितच सापडतं. ते ज्वालामुखीचं का आघाताचं यावर लई वर्षं वाद होता, मग बोअर घेऊन खालचे दगड तपासले आणि 1973 मधी आघाताचा पुरावा छापून आला. बेसॉल्टवर दणका बसला की दगडाचं नेमकं काय होतं हे समजायला लोणारसारखी जागा नाही, आणि वेस्टावर, चंद्रावर, मंगळावर पण बेसॉल्टच आहे. माझं म्हणणं आहे, शाळेची सहल तिथं नुसती देवळं अन् पाणी बघून परत येऊ नये, मास्तरांनी पोरांच्या हातात तिथला दगड द्यावा, बघू द्यावा, आणि मग जागच्या जागी ठेवायला लावावा.

आणखी एक, आशियातून शोधलेला पहिला लघुग्रह आपल्याच देशात सापडला, मद्रासच्या वेधशाळेत 1861 साली पॉगसन नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं शोधला अन् त्याला नावही 'एशिया'च ठेवलं. आता तर चिलीतल्या रूबिन वेधशाळेनं 2025 मधी पहिल्या दहाएक तासांच्या निरीक्षणातच दोन हजारांवर नवे लघुग्रह पकडले, आणि सायकी नावाचं यान धातूनं भरलेल्या लघुग्रहाकडं निघालंय, 2029 ला पोचेल.

वेस्टा तुम्हाला पण दिसू शकते. साधारण साडेसोळा महिन्यांनी एकदा ती आभाळात सूर्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला येते तेव्हा साध्या बायनॉक्युलरमधून सापडते, आणि गावाकडं लाईट गेलेली असली तर आणखी सोपं. मोबाईलच्या ॲपवर जागा बघा, आजूबाजूच्या ताऱ्यांचं वहीत चित्र काढा, तीन-चार रात्रींनी परत तिथंच बघून परत काढा. जो ठिपका सरकला, ती वेस्टा. नमस्कार.