फाल्गुनातली टेकडी

नमस्कार श्रोतेहो.

पानगळ झाली की पुण्याच्या वेताळ टेकडीकडे बघून लोक म्हणतात, 'टेकडी वाळली.' दरवर्षी हे ऐकून मला हळहळ वाटते. कारण नेमक्या याच दिवसांत, फाल्गुन लागता लागता, आम्ही दहा-पंधरा जण सकाळी लवकर टेकडी चढतो, ते रानफुलं बघायला.

आधी डोळ्यांत भरतो तो गुलाबी रंग. नवखी माणसं तिथंच थबकतात. पण ते गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. उजाड जमीन लवकर हिरवी व्हावी म्हणून ते लावलं गेलं. दिसतं देखणं, पण त्याच्या गर्दीत आपली इथली झाडं शोधावी लागतात. आम्ही जातो ती त्यांच्यासाठीच.

खडकाळ उतारावर एखादं बोडकं झाड उभं असतं. अंगावर पान नाही, आणि फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी पिवळीधमक फुलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जवळच शेळ्या चारणाऱ्या आजींना विचारलं, "आजी, कसलं झाड हे?" त्या म्हणाल्या, "गणेर हाय गं पोरी. फुलं झडली की बोंडातनं कापूस निघतो बघ." सोन्यासारखी फुलं आणि सावरीसारखा कापूस, म्हणून सोनसावर हे त्याचं दुसरं नाव पडलं, ते मला तिथं कळलं.

गणेरापाशी आम्ही अर्धा तास तरी बसतो. या फुलात मध नसतो. असतो तो पराग, आणि तोही परागकोशात कोंडलेला. बाहेर यायला टोकाशी फक्त बारीकसं छिद्र. मोठा काळा भुंगा येतो, पुंकेसरांना मिठी मारतो आणि अंग असं थरथरवतो की पराग त्याच्या पोटावर सांडतो. त्या क्षणी त्याच्या गुणगुणण्याचा सूर बदलतो. सगळे गप्प बसले तर तो बदललेला सूर स्पष्ट ऐकू येतो. मुलांना तर तो आधी कळतो.

पुढे पळस, पांगारा, काटेसावर. यांच्या फुलांत मात्र मध भरपूर, आणि पानं गळालेली असल्यामुळे ती लाल-केशरी फुलं पक्ष्यांना लांबून दिसतात. मैना, कोतवाल, सूर्यपक्षी यांची तिथं सकाळपासून झुंबड असते.

एका वर्षी मात्र आम्ही पोहोचलो तेव्हा अख्खा उतार काळा पडला होता. कुणीतरी वाळल्या गवताला काडी लावली होती. कमरेएवढी झालेली गणेराची दोन रोपं त्यात होरपळली. श्रोतेहो, या दिवसांत टेकडीवर विडी-सिगारेट पेटवू नका, आणि धूर दिसला तर लगेच अग्निशमन दलाला कळवा.

साडेसहाला निघा, पाणी जवळ ठेवा. फूल तोडू नका, खाली पडलेलं उचलून निरखा. आणि वैशाखात पुन्हा एकदा त्याच गणेराखाली जा. बोंडं तडकलेली असतील, आणि आजींनी सांगितलेला तो कापूस वाऱ्यावर निघालेला असेल.