हेड न उतरवता व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलताना

साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरच्या घाटात जुनी मोटार दुसऱ्या गिअरमध्ये जोमाने चढू लागते, पण इंजिनाचे फेरे एका मर्यादेपलीकडे गेले की ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन अडखळत राहते. कार्ब्युरेटर साफ केलेला असतो, प्लग आणि पॉइंटही नवे असतात. अशा वेळी जाणत्या मिस्त्रीचे लक्ष व्हॉल्व्ह स्प्रिंगकडे, म्हणजे सिलिंडरची झडप (व्हॉल्व्ह) मिटवणाऱ्या स्प्रिंगकडे जाते.

क्रँकशाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनातील प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. त्याला उघडण्याचे काम कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, करतो. मिटवण्याचे काम मात्र एकट्या स्प्रिंगचे असते. उष्णतेने आणि सततच्या ताणाने ती नरम पडली की व्हॉल्व्ह वेळेवर सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, बसत नाही आणि सिलिंडरमधला दाब निसटतो. ती तुटलीच, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून सगळे इंजिन खोलण्याची वेळ येऊ शकते.

शाहूपुरीतल्या एका अंगणात काका आणि त्यांची पुतणी पुशरॉडच्या, म्हणजे कॅमची ढकल दांड्यांनी वर पोचवणाऱ्या, चार सिलिंडर इंजिनाच्या स्प्रिंग बदलत आहेत. टॅपेट कव्हर निघाले आहे, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा, म्हणजे रॉकर शाफ्ट, उतरला आहे आणि पुशरॉड पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकांत क्रमाने उभे केले आहेत, कारण प्रत्येक रॉड आपापल्या जागीच परत जायला हवा. येथे एक इशारा आवश्यक आहे. ॲम्बेसिडरच्या १४८९ सीसी इंजिनात रॉकर शाफ्टचे काही नट हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकणही धरून ठेवतात. तेथे फक्त तेवढेच ढिले केले तर हेड वाकडे ताणले जाते, म्हणून आधी रेडिएटरचे पाणी काढून हेडचे सर्वच नट क्रमाने, थोडे थोडे सैल करावे लागतात.

खरा प्रश्न पुढे आहे. स्प्रिंग काढली की व्हॉल्व्हला वर धरणारे काहीच उरत नाही. मोठ्या गॅरेजमध्ये प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरतात. घरी दोरी पुरते. पिस्टन थोडा खाली असताना धागे न सुटणारी नायलॉनची दोरी प्लगच्या भोकातून आत सारायची, तिचे टोक बाहेर ठेवायचे आणि क्रँक हाताने, सावकाश फिरवायचा. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा दाबला जातो आणि दोन्ही व्हॉल्व्ह सीटवर घट्ट धरले जातात. रॉकर आधीच काढलेले असल्याने या फेऱ्यात कोणताही व्हॉल्व्ह उघडून दोरी चिमटीत पकडत नाही. स्टार्टरला मात्र हात लावायचा नाही.

स्प्रिंग दाबण्याची तरफ विकत मिळते. कूपरांचा इंजिनांचा कारखाना असलेल्या या शहरात ती बनवून देणारा लेथवालाही सापडतो. पण काकांची घाई वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. "पोरी, आधी बोळे घाल, मग कॉटरला हात लाव," ते सांगतात. हेडमधून तेल खाली उतरण्याच्या भोकांत पुतणी फडक्याचे बोळे कोंबते. कॉटर म्हणजे स्प्रिंगला व्हॉल्व्हवर अडकवून ठेवणारी दोन फाकांची पाचर. नखाएवढा कॉटर त्या भोकातून संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात गेला, तर ते भांडे (चेंबर) उतरवावे लागते.

तरफ दाबताच स्प्रिंगवरची वाटी खाली जाते आणि कॉटरच्या दोन्ही फाका व्हॉल्व्हच्या खाचेतून मोकळ्या होतात. कधी त्या चिकटलेल्या असतात. तेव्हा वाटीवर पाइपचा तुकडा ठेवून हलका ठोका देतात. दाबलेली स्प्रिंग उडू शकते, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवाच. लोहचुंबकाने फाका उचलल्या की स्प्रिंग हाती येते.

जुनी आणि नवी स्प्रिंग सपाट काचेवर शेजारी उभी केली की उंचीतला फरक डोळ्यांना दिसतो. उंची सारखी असली तरी ताकद कमी झालेली असू शकते, म्हणून एकच स्प्रिंग बदलून भागवण्यापेक्षा पूर्ण संच बदलणे योग्य ठरते. घाट उतरल्यावर ॲक्सिलरेटर देताच निळा धूर येत असेल, तर व्हॉल्व्हची तेल अडवणारी सीलेही याच वेळी बदलावीत. मात्र व्हॉल्व्ह गाईडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिच्यात, डुगडुगत असेल, तर हेड उतरवण्याला पर्याय नाही. ज्या स्प्रिंगचे वेटोळे एका बाजूला दाट असतात, ती दाट बाजू हेडकडे ठेवून बसवतात.

परत बसवताना कॉटरला आतून किंचित ग्रीस लावले की तो खाचेत चिकटून राहतो. तरफ सैल केल्यावर व्हॉल्व्हच्या टोकावर नायलॉनच्या हातोडीने हलकी थाप दिली, म्हणजे फाका नीट बसल्याची खात्री होते. मगच क्रँक मागे फिरवून दोरी काढायची आणि पुढचा सिलिंडर हाती घ्यायचा.

शेवटी बोळे मोजून बाहेर काढले जातात, रॉकर शाफ्ट बसतो आणि फिलर गेजने टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधली फट, गाडीच्या पुस्तकातल्या मापाला आणले जातात. हेडचे नट सैल केले असतील, तर ते ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच आवळून, गाडी थोडी चालवल्यावर टॅपेट पुन्हा एकदा तपासायचे असतात.